जिभेखालची गोळी आणि दह्यातली कॅप्सूल

माझा भाऊ आठ दिवस संडासला गेला नव्हता आणि त्यामुळे तो पुन्हा गोळ्यांच्या नादाला लागेल अशी मला भीती होती. हे वाचून कुणाला हसू येईल. त्या मे महिन्यात मला आलं नाही.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. टेम्पो चालवायचा. गाडीत माल भरताना एकदा पाठीत चमक भरली, ती लवकर गेली नाही. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या पंधरा दिवसांसाठी लिहून दिल्या होत्या. पंधरा दिवस संपले, चिठ्ठी संपली, पण गोळ्या संपल्या नाहीत. कुठून ना कुठून मिळत राहिल्या. आधी दोन, मग चार, मग दिवसाला अख्खं पाकीट. पाठ केव्हाच बरी झाली होती. आई म्हणायची, दारूला शिवत नाही एवढं बरं. आम्ही सगळेच पाच वर्षं तसं म्हणत राहिलो. शेवटी त्याची बायको मुलीला घेऊन करकंबला माहेरी गेली. ती भांडली नाही. जाताना मला एवढंच म्हणाली, "वन्सं, तीन महिने नीट राहू दे. मग बघू." आई तोवर वारली होती. भाऊ माझ्याकडे राहायला आला.

माझा कडक भाकरीचा धंदा आहे. घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार बाया सकाळी सहापासून भाकऱ्या थापतात. पीठ, पाणी, आच आणि वेळ, यात चूक चालत नाही, आणि माझी ती सहसा होत नाही. हे सांगायचं कारण पुढे येईल.

सोलापुरात सात रस्ता चौकापासून जवळच एक उपचार केंद्र आहे. तिथे त्याला रोज एक गोळी जिभेखाली ठेवायला द्यायचे. ही गोळी त्याच जातीची, पण तिच्याने गुंगी येत नाही, तलफ मात्र दबते. माणूस कामाला जाऊ शकतो, झोपू शकतो. महिनाभरात भावाचा चेहरा भरला. पेपर वाचायला लागला, माझ्या बायांची चेष्टा करायला लागला. फक्त पोट बंद पडलं. असल्या सगळ्या गोळ्या आतडी संथ करतात, व्यसनाच्या आणि उपचाराच्याही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी इसबगोल दिलं, पपई दिली, गरम पाण्यात तूप दिलं, एरंडेल दिलं. तो पोट धरून बसायचा.

"अक्का, गोळी सोडतो आता," एका सकाळी म्हणाला. "पाकीट खात हुतो तवा बी पोट अडायचं, पण कळत तरी नव्हतं. आता समदं कळतंय."

गोळी सोडली की तो आठवड्यात पुन्हा पाकिटावर जाणार, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. मी त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, घाई न करणारे. त्यांनी पोट साफ होण्याचं औषध लिहून दिलं. मग म्हणाले, आतड्यात चांगले जंतू असतात, इतकी वर्षं गोळ्या खाऊन त्यांचा मेळ बिघडलेला असू शकतो. ते जंतू भरलेल्या कॅप्सूल मिळतात, प्रोबायोटिक म्हणतात. असे उपचार घेणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो का, हे अजून तपासताहेत. "काहींना बरं वाटतं. मी खात्री देत नाही. जेवणानंतर एक घ्यायची. आणि हे व्यसनावरचं औषध नाही, पोटापुरतंच आहे," असं ते म्हणाले. मी वहीत लिहिलं: कॅप्सूल, पोट. बाकीचं लिहिलं नाही. माझ्या कानांना जे हवं होतं तेवढंच त्यांनी ऐकलं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. भाऊ नियमित येत होता, म्हणून केंद्राने जिभेखालच्या गोळ्या आठवड्याच्या एकदम घरी दिल्या. माझ्या ताब्यात, माझ्या सहीने. तिथली नर्स माझ्याच वयाची, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारी. ती गोळी कशी द्यायची ते सांगायला लागली आणि माझा फोन वाजला. लग्नाच्या ऑर्डरीचा. एका कानाला फोन लावून मी तिला म्हटलं, "माहितीये हो मला, रोज बघते की मी." बघत होते ते खरं. पण दारातून. तो आत बाकावर बसायचा आणि काही वेळाने बाहेर यायचा. त्या वेळात आत काय चालतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला जाणार होता. ओळखीच्या एकांचं मिरचीचं गोदाम होतं, तिथे पोती मोजून घ्यायची, उचलायची नाहीत. आमच्या घरात कुणी कामाला, परीक्षेला, गावाला निघालं की आई हातावर दही-साखर द्यायची. ते खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आई गेल्यावर ते माझ्याकडे आलं. आणि मला एक सोय सुचली. एक गोळी सकाळी, एक कॅप्सूल जेवणानंतर, एवढं लक्षात कोण ठेवणार, आणि गोदामात तो ती घेतो की नाही हे बघणार कोण? सगळं सकाळी माझ्या डोळ्यांसमोर झालेलं बरं. मी कॅप्सूल उघडली, आतली पांढरी पूड दह्यात कालवली, वर साखर घातली. दह्यातही जंतूच, कॅप्सूलमध्येही जंतूच, सोबतीने जातील. गोळी कडवट लागते अशी त्याची तक्रार होती, तीही मिटणार होती.

सव्वासहाला मी गोळी दिली. त्याने जिभेखाली ठेवली. मी लगेच त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली.

"अजून विरली न्हाय गं," तो तोंड आवळून म्हणाला.

"पोटात जाऊन विरेल की. पहिल्याच दिवशी उशीर करू नको. गीळ."

त्याने गिळलं. लहानपणापासून माझं ऐकायची त्याला सवय आहे.

तिसऱ्या दिवशी त्याचं पोट साफ झालं. तो बाथरूममधून बाहेर आला आणि शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, झालं." चारही बाया हसल्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर, जिला आम्ही मावशी म्हणतो, ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मग पेढं वाट की. गावात दवंडी दिऊ का?"

"दे. तुजा आवाज लई लांब जातो," भाऊ म्हणाला.

मी दुपारी करकंबला फोन केला. भावजयीला सांगितलं की त्याचं पोट मोकळं झालं, एक नवीन कॅप्सूल लागू पडली, आता तो गोळी सोडायचं म्हणणार नाही. फोनवर ती हसली. बऱ्याच महिन्यांनी मी तिचं हसू ऐकत होते. म्हणाली, "पोरीला सांगते. रोज विचारते ती." मी शेजारच्या दोघींनाही त्या कॅप्सूलचं नाव सांगितलं. एवढी माझी खात्री झाली होती.

चौथ्या दिवशी तो दोनदा गेला. पाचव्या दिवशी चारदा, पाण्यासारखं. मावशी म्हणाली, "पाच वर्साचा गाळ हाय. निघू दे." मला ते पटलं. एका कॅप्सूलने एवढा गाळ निघतो तर दोनने लवकर निघेल, असा विचार करून सहाव्या दिवशी मी दह्यात दोन कालवल्या. त्याचं नाक गळत होतं, डोळ्यांना पाणी होतं. मिरचीचं गोदाम, आणखी काय होणार. तो सारखा जांभया देत होता. रात्री उकाड्याने झोप नसेल. घाम येत होता, पण मे महिन्यात सोलापुरात घाम कुणाला येत नाही? प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. डॉक्टरांनी काय काय बघायचं ते छापील कागदावर दिलं होतं. तो कागद पिठाच्या डब्यावर होता.

सातव्या दिवशी रविवार होता. दुपारी तो भिंतीला टेकून बसला होता, पाय सारखे हलवत. पंखा गरम वारा फेकत होता. मी पाण्याचा तांब्या दिला. त्याने तो घ्यायला हात पुढे केला, आणि मला त्याच्या हातावर काटा दिसला. मनगटापासून दंडापर्यंत केस उभे होते. बाहेर डांबर वितळेल असं ऊन आणि याच्या अंगावर थंडीत येतो तसा काटा.

हे मी आधी एकदाच बघितलं होतं. उपचार सुरू होण्याच्या आधी, एक दिवस त्याला कुठेच गोळ्या मिळाल्या नव्हत्या तेव्हा.

मी ओळीने हिशोब लावला आणि चुकीचा लावला. हा जिभेखालची गोळी थुंकतोय, चोरून पाकीट खातोय, आणि आज पाकीट मिळालेलं नाही. मी उठून त्याच्या पँटचे खिसे उलटे केले. गादी उचलली. बॅग झटकली. शेडमध्ये जाऊन पिठाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. काही सापडलं नाही. न सापडल्याने राग कमी व्हायला हवा होता, तो वाढला.

"कुठं ठेवलंस?"

"काय?"

"मला येडी समजू नकोस."

"घेतलं न्हाय मी काय. आईशप्पथ."

"आईची शपथ पाच वर्षं ऐकतेय मी."

तो माझ्याकडे बघत राहिला. नाकातून पाणी ओघळत होतं, ते पुसायचं त्याला भान नव्हतं. "गोळी तूच देतीस की. तुज्याच हातानं. तुज्यासमोर गिळतो."

त्या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. त्यात सगळं होतं. मी थांबले नाही. मी म्हटलं, "तुझ्या बायकोने बरं केलं गेली ते." तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. हातावर काही न घेता.

दिवेलागणीला परत आला. नाक कोरडं, पाय स्थिर, हातावरचे केस बसलेले. मला विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"घेतलंस?"

"तू घेतलं म्हणालीस. मग घेतलं."

किती, तर दोन. दोन भाकऱ्या शेंगाचटणीशी निवांत खाल्ल्या आणि झोपला. आठवडाभरात पहिल्यांदा तो शांत बसून जेवला, आणि मला ते बघवत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी बायांना पीठ मोजून दिलं आणि त्याला म्हटलं, केंद्रात चल. तो आला. रिक्षात म्हणाला, "येतो. पण हे शेवटचं. आठवडाभर खरं राहून बी जर असंच हुत असंल, तर खोटं राहिलेलं काय वाईट?" मी रिक्षावाल्याला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

नर्सने चष्मा खाली घेतला, त्याची नाडी बघितली, डोळे बघितले. काही घेतलंस का, कधी, किती. त्याने खरं सांगितलं. काल संध्याकाळी दोन, त्याआधी काही नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोंड फिरवलं. आठवडाभर काय काय होत होतं, हेही तिने त्यालाच विचारलं. जुलाब, जांभया, नाक, झोप. तो सांगत गेला, ती लिहीत गेली.

"ताई, घरी गोळी कशी देत होता? मला करून दाखवा."

मी दाखवलं. इथे गोळी, जिभेखाली. आणि मग तळहात पुढे घेऊन, दही-साखर, त्यात कॅप्सूल.

तिचं पेन थांबलं. "दही कधी?"

"लगेच. निघायचं असतं ना कामाला."

"लगेच म्हणजे गोळी तोंडात असताना?"

"हो."

तिने पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, ही गोळी जिभेखालीच विरायला लागते, दहा मिनिटं तरी, तिथूनच ती अंगात जाते. तोवर खायचं नाही, प्यायचं नाही, बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. पोटात गेली तर बहुतेक वाया जाते. "म्हणजे त्याला आठवडाभर औषध जवळजवळ मिळालंच नाही. ताई, ते पोट साफ होत नव्हतं. अंगातलं औषध उतरत होतं. औषध सुटलं की जुलाब लागतात, काटा येतो, हेच होतं."

भाऊ हसला. एकदम, मोठ्याने. "म्हंजे मी आठवडाभर नुसतं दही खाल्लं." नर्सही हसणार होती, पण माझ्याकडे बघून तिने पुन्हा पेन उचललं.

मला वाटलं, आता ती गोळी देईल आणि आम्ही घरी जाऊ. ती म्हणाली, आत्ता देता येणार नाही. कालचं अंगात असताना ही गोळी दिली तर त्रास दहापट होईल. ते पुरतं उतरू द्यायचं, अंगावर लक्षणं दिसू द्यायची, मग द्यायची. डॉक्टरांनीही येऊन तेच सांगितलं. किती वेळ, विचारलं तर म्हणाले, दुपारपर्यंत बसा.

आम्ही बाकावर बसलो. मी दहापासून त्याच्या हाताकडे बघत होते. काल ज्या काट्याने माझं डोकं फिरलं, तोच लवकर यावा म्हणून आज मी बसले होते. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे दुकानांची रांग, त्यातलं कोणतं दुकान चिठ्ठीशिवाय देतं हे त्याला माहीत होतं. उठून गेला असता तर मी काय करणार होते? चाळीशीचा माणूस, त्याला धरून ठेवायचं तरी कसं?

अकराला जांभया सुरू झाल्या. साडेअकराला तो म्हणाला, "अक्का, पाच मिनिटं बाहेर जाऊन येतो."

"कशाला?"

"वाऱ्याला."

बाहेर वारा नव्हता. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. मी म्हटलं, "मी चुकले."

"व्हय."

"दह्यातही चुकले आणि काल बोलले त्यातही."

"व्हय," तो पुन्हा म्हणाला. मग बराच वेळ गुडघे हलवत राहिला. उठला, दारापर्यंत गेला, चौकटीला हात लावून उभा राहिला. मी उठले नाही. तो परत आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. एकच्या सुमारास त्याने स्वतःच हात माझ्यासमोर धरला. काटा आला होता.

नर्सने गोळी दिली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. या वेळी मी दारात नव्हते, आत होते. दहा मिनिटं. मग तिने त्याला जीभ वर करायला लावली, आत बघितलं, म्हणाली, "असं." ते ती मला म्हणाली. एका गोळीने भागलं नाही, तासाभराने दुसरी दिली, आणि घरी यायला संध्याकाळ झाली.

करकंबला मलाच फोन करावा लागला. मी सांगितलं, त्या दिवशी सांगितलं ते खोटं होतं, मला माहीत नव्हतं, चूक माझी, त्याने दोन घेतल्या त्याही माझ्यामुळे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तीन महिने आता परत पहिल्यापासून." मी म्हटलं, हो. तिने फोन ठेवला. शेजारच्या दोघींना मात्र मी अजून सांगितलेलं नाही. त्यांतल्या एकीला त्या कॅप्सूलने खरंच बरं वाटतंय म्हणे.

आता कॅप्सूल तो दुपारच्या जेवणानंतर घेतो, पाण्याबरोबर, जशी सांगितली होती तशी. डॉक्टरांनी दिलेलं पोटाचं औषधही चालू आहे. उपयोग कशाचा होतो, की कशाचाच नाही, हे मी आता ठरवत नाही. मी ठरवलं की काय होतं ते बघितलं. चार दिवसांनी त्याचं पोट पुन्हा अडलं. तो बाथरूममधून ओरडला, "अक्का, काय न्हाय." मी बाहेर पिठाच्या हाताने उभी होते. पोट अडलं म्हणजे गोळी अंगाला लागतेय. मला हायसं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच, कारण पुढचं वाक्य मला ठाऊक होतं.

ते त्याने काल म्हटलं. सकाळी गोळी तळहातावर घेऊन उभा राहिला, तोंडात टाकेना. "किती दिवस गं हे? सोडतो आता."

शेजारी दह्याची वाटी नव्हती, साखर नव्हती. मागे शेडमध्ये भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. शेवटी त्याने गोळी जिभेखाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. मी समोर बसले. घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेसहापर्यंत त्याला बोलता येत नाही, सोडतो असंही म्हणता येत नाही. दिवसातली तेवढीच दहा मिनिटं माझी असतात.